मीटर कोणाचा? : ब्रिटनमधील घरगुती वीज-गॅस मापनाचे नूतनीकरण

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत विजेचा आणि गॅसचा असे दोन मीटर असतात, कारण घरातील ऊब, अंघोळीचे पाणी आणि बरेचदा स्वयंपाकही नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर अवलंबून असतो आणि सामान्य कुटुंबाच्या वार्षिक हिशेबात गॅसचे युनिट विजेच्या युनिटांच्या चौपटीच्या आसपास भरतात. या दोन्ही मीटरांनी आपले आकडे आपणहून कळवावेत, वाचक दारात येण्याची किंवा अंदाजाने बिल काढण्याची वेळ येऊ नये, यासाठी तेथे पंधरा वर्षांहून अधिक काळ स्मार्ट मीटरचा कार्यक्रम चालू आहे. त्यातील पहिल्या पिढीचे मीटर पुरते रुळण्याआधीच दुसऱ्या पिढीत आणावे लागले. तसे का झाले याचे उत्तर यंत्रापेक्षा तेथील बाजाराच्या रचनेत अधिक सापडते.

वीज ज्या तारांतून आणि गॅस ज्या नळांतून घरापर्यंत येतो, त्यांची मालकी त्या त्या प्रदेशातील जाळे सांभाळणाऱ्या कंपनीकडे असते; बिल पाठवणारी विक्रेती कंपनी मात्र निराळी असते आणि १९९९ पर्यंत पूर्ण झालेल्या खुलेकरणानंतर घरगुती ग्राहकाला ती हवी तेव्हा बदलता येते. महावितरणच्या क्षेत्रात राहणाऱ्या वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटेल, कारण तेथे तारा, मीटर आणि बिल यांचा धनी एकच असतो. मुंबई उपनगरात एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेणाऱ्या ग्राहकांना मात्र तिची कल्पना असते. एड मिलिबँड ऊर्जा व हवामानबदल खात्याचे मंत्री असताना, डिसेंबर २००९ मध्ये, २०२० अखेर घरोघरी स्मार्ट मीटर पोचवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि ते बसवण्याची जबाबदारी तारांच्या मालकांवर न टाकता विक्रेत्यांवर टाकण्यात आली. ग्राहकाशी रोजचा संबंध विक्रेत्याचा, तेव्हा मीटरही त्यानेच बसवावा, हा त्यामागचा विचार होता आणि वरवर पाहता त्यात वावगे काही दिसत नव्हते.

त्याच देशाने पूर्वी याहून अवघड काम उलट्या पद्धतीने पार पाडले होते. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यानंतर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशापासून बनवलेल्या जुन्या शहरी गॅसवर चालणारी सुमारे चार कोटी उपकरणे बदलण्यात आली; नव्या वायूची उष्णता जुन्याच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे प्रत्येक शेगडीचे आणि प्रत्येक बंबाचे बर्नर बदलणे भाग होते. तेव्हा गॅस उद्योग राष्ट्रीयीकृत होता, म्हणून एकेक वस्ती निवडून, तिचा पुरवठा तोडून, एकामागून एक सारी घरे उरकणे शक्य झाले. स्मार्ट मीटरच्या बाबतीत एकाच गल्लीतील चार घरांत चार वेगवेगळ्या कंपन्यांची माणसे चार वेगवेगळ्या दिवशी येऊ लागली, आणि मीटर घेण्याची सक्ती नसल्याने पाचव्या घराने नकार दिला तर तोही मान्य करावा लागे.

पहिल्या पिढीचे मीटर ‘स्मेट्स-१’ या नावाने ओळखले जातात. स्मेट्स म्हणजे या उपकरणांसाठी सरकारने ठरवून दिलेली तांत्रिक मानके. या मीटरमध्ये मोबाइलसारखे सिम कार्ड असे आणि ते ज्या विक्रेत्याने मीटर बसवला त्याच्याच संगणकाशी बोलत असे. ग्राहकाने स्वस्त दर पाहून कंपनी बदलली की नव्या कंपनीला त्या मीटरची भाषा कळेलच याची खात्री नसे. मीटर आकडे मोजत राही, परंतु ते कोणालाही पाठवत नसे, आणि घरमालकाला पुन्हा जिन्याखालच्या कपाटात विजेरी घेऊन वाकावे लागे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मधील अहवालात नोंदवले की कंपनी बदलल्यावर सुमारे ७० टक्के स्मेट्स-१ मीटरांचा स्मार्टपणा निदान तात्पुरता तरी हरपत होता. ज्या यंत्राने ग्राहकाला बाजारात अधिक मोकळे करावे, तेच त्याला जुन्या दुकानाशी बांधून ठेवू लागले, हा त्या निर्णयातील दोष येथे उघडा पडला.

त्यावरचा उपाय म्हणजे सर्व विक्रेत्यांना समाईक असे एकच संदेशवहन जाळे. २०१३ मध्ये कॅपिटा या कंपनीच्या उपकंपनीला त्याचा परवाना मिळाला. तिला डीसीसी म्हणतात. हे जाळे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले आणि त्यावर चालणारे दुसऱ्या पिढीचे ‘स्मेट्स-२’ मीटर त्यानंतर घरोघरी जाऊ लागले. दक्षिण आणि मध्य भागात हे जाळे मोबाइलच्या मनोऱ्यांवर चालते, तर उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये दूर पल्ल्याच्या स्वतंत्र रेडिओ लहरींवर.

दुसऱ्या पिढीतील घराची मांडणी जवळून पाहण्याजोगी आहे. विजेच्या मीटरवर एक लहान पेटी बसवलेली असते, तिला संपर्क-हब म्हणता येईल. घरातील मीटरांचे आणि बाहेरच्या जाळ्याचे संभाषण हिच्यामार्फत होते. विजेच्या मीटरला आणि हबला वीज आयतीच मिळते. गॅसच्या मीटरला मात्र विजेची तार जोडलेली नसते आणि तो आतल्या बॅटरीवर अनेक वर्षे तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो. म्हणून तो बहुतेक वेळ झोपलेला असतो, दर अर्ध्या तासाने जागा होतो, आपला आकडा हबला सांगतो, काही निरोप असेल तर घेतो आणि पुन्हा झोपतो. हब त्या आकड्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवते, जेणेकरून घरातील लहान दर्शक-पडद्याने विचारणा केली की गॅस मीटरला उठवावे लागू नये. त्यामुळे त्या पडद्यावर विजेचा आकडा दर काही सेकंदांनी हलतो आणि गॅसचा अर्ध्या तासाने. नवख्या ग्राहकाला आपली गॅसची बाजू बिघडली आहे असे वाटते, प्रत्यक्षात ती बॅटरी वाचवत असते. दूरवरून बंद करता येणारा व्हॉल्व्हही गॅस मीटरमध्ये असतो. तो बंद करणे दुरून साधते, परंतु पुन्हा सुरू करताना घरात हजर असलेल्या माणसाला मीटरवरील बटण दाबावे लागते, कारण एखाद्या शेगडीची कळ उघडी राहिली नसल्याची खात्री दुसऱ्या गावी बसलेल्या संगणकाला देता येत नाही.

गॅसच्या मोजणीत आणखी एक गुंता आहे. मीटर मोजतो ते घनमीटर, आणि बिल येते विजेप्रमाणेच किलोवॅट-तासांत, म्हणजे आपल्याकडे ज्याला युनिट म्हणतात त्यात. घनमीटरांना तापमान व दाबासाठी ठरवलेल्या १.०२२६४ या गुणकाने गुणायचे, त्या काळातील वायूच्या उष्मांकाने पुन्हा गुणायचे आणि ३.६ ने भागायचे, उष्मांक ३९.५ धरला तर १० घनमीटर वायूचे सुमारे ११२ युनिट होतात. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजत, म्हणजे त्यांचा प्रत्येक अंक २.८३ घनमीटरांचा. मीटर कोणत्या मापाचा आहे याची दफ्तरी नोंद चुकली की बिल जवळजवळ तिप्पट किंवा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचे निघत असे. नव्या मीटरने ही तक्रार मुळातूनच संपते आणि त्याबद्दल त्याचे कौतुक व्हायला हवे तेवढे झालेले नाही.

मीटर बदलण्यासाठी येणारा कारागीर विजेचा पुरवठा मुख्य फ्यूज काढून बंद करतो, तारांची जोडणी तपासतो, नवा मीटर लावून सील करतो. गॅसच्या बाजूस तो आधी आणि नंतर दाबमापक लावून नळातून कोठे गळती होत नाही ना हे पाहतो आणि शेवटी बॉयलर पुन्हा पेटवून देतो. हे सारे दोनएक तासांत होते, पण घोडे अडते ते भलत्याच ठिकाणी. मुख्य फ्यूजची पेटी मीटरवाल्या कंपनीची नसून तारांच्या मालकाची असते. ती जुनी, जळकट किंवा तडा गेलेली आढळली, अथवा मीटरमागचा फळा ॲस्बेस्टॉसचा निघाला, की कारागिराला साहित्य आवरून निघावे लागते आणि ग्राहकाच्या पदरी दुसरी तारीख पडते.

पहिल्या पिढीच्या लक्षावधी मीटरांच्या बाबतीत मात्र ही वेळ टाळता आली. २०१९ पासून त्यांना नवी आज्ञावली दुरूनच पाठवून डीसीसीच्या जाळ्यावर आणले जाऊ लागले. हे काम धिमे चालले, आणि त्याला सुरक्षेचे कारणही होते: ज्या जाळ्यातून कोट्यवधी घरांचा पुरवठा तोडण्याचा हुकूम जाऊ शकतो, ते एखाद्या शत्रूच्या हाती लागल्यास काय होईल या चिंतेमुळे जीसीएचक्यू या ब्रिटिश गुप्तवार्ता संस्थेने त्याच्या सुरक्षारचनेत लक्ष घातले होते.

इतके होऊनही नूतनीकरण संपत नाही, कारण मीटरचे आयुष्य आणि दूरसंचाराचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही. मोजणारे यंत्र दीडदोन दशके सहज टिकते, परंतु ब्रिटनमधील मोबाइल कंपन्यांनी २ जी आणि ३ जी सेवा २०३३ पर्यंत बंद करण्याचे ठरवले असल्याने दक्षिण व मध्य भागातील हब ४ जी वर न्यावे लागणार आहेत, आणि तेथे आज्ञावली पाठवून भागत नाही, पेटीच बदलावी लागते. याच्या तुलनेत त्यांचा पूर्वज दीर्घायुषी म्हणावा लागेल: १९८० च्या दशकापासून बीबीसीच्या रेडिओ ४ च्या १९८ किलोहर्ट्झ या दीर्घ लहरीवर, श्रोत्यांच्या कानांना न जाणवणारे संकेत मिसळून, काही लाख घरांतील रात्रीच्या स्वस्त दराचे हीटर चालू-बंद केले जात. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आवरती घेण्यात आली आणि त्या घरांना जादा स्विच असलेले स्मार्ट मीटर देण्याची धावपळ झाली.

२०२० ची मुदत हुकली, नंतरच्याही वाढवाव्या लागल्या. २०२३ अखेर सुमारे ६१ टक्के मीटर स्मार्ट झाले होते आणि त्यांतील जवळजवळ ४० लाख मीटर स्मार्ट रीतीने चालत नव्हते. थकबाकीदाराला दुरूनच आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीवर नेण्याची सोय विक्रेत्यांनी जशी वापरली, तिच्यावरून २०२३ च्या आरंभी ऑफजेम या नियामकाला हस्तक्षेप करावा लागला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला जो विरोध झाला, त्याच्या मुळाशीही हीच धास्ती होती. ग्राहकाने कंपनी बदलल्याने मीटर मुका होण्याचा प्रश्न महावितरणपुढे नाही. संदेशवहनाच्या पिढ्या बदलण्याचा मात्र आहे.

ब्रिटनमध्ये आता दर अर्ध्या तासाचा हिशेब हा पुढचा टप्पा आहे. आतापर्यंत बहुतेक घरांनी किती वीज केव्हा वापरली हे विक्रेत्याच्या घाऊक खरेदीच्या हिशेबात सरासरी वळणावरून ठरवले जाई. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ग्राहक क्रमाक्रमाने प्रत्यक्ष अर्ध्या तासाच्या नोंदींवर आणले जात आहेत आणि हे काम २०२७ पर्यंत चालेल. वारा जोरात असताना मोटार चार्ज करणाऱ्याला स्वस्त दर देणे विक्रेत्याला त्यानंतरच खऱ्या अर्थाने परवडेल, आणि ज्याचा मीटर आकडे पाठवत नाही, त्याचा हिशेब तोवर अंदाजानेच होत राहील.