पहिले हजार दिवस (लेखांक ७) : दीड महिन्याचा डोस आणि टाचेतलं रक्त

मागच्या लेखांकात आपण बाळाच्या डोक्याचा घेर का मोजायचा ते पाहिलं. जन्मतः साधारण ३४-३५ सेंटिमीटर असलेला घेर वर्षभरात ४५-४६ वर जातो, कारण पहिल्या वर्षात मेंदूचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. नेमक्या याच काळात एचआयव्ही बाळाच्या शरीरात असेल तर काय होतं, ते आज पाहू.

हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये दडून मेंदूत शिरतो आणि तिथल्या रक्षकपेशींमध्ये, म्हणजे मायक्रोग्लियामध्ये, ठाण मांडतो. चेतापेशींच्या वाट्याला तो सहसा थेट जात नाही. पण बाधित रक्षकपेशींतून दाह निर्माण करणारी द्रव्यं झिरपत राहतात आणि शेजारच्या चेतापेशी त्यात होरपळतात. मोठ्या माणसाचा मेंदू घडून झालेला असतो. बाळाचा अजून घडतोय, आणि नको असलेल्या जोडण्या छाटून मेंदूला आकार देण्याच्या कामात याच मायक्रोग्लिया गुंतलेल्या असतात. म्हणून तान्ह्या वयातला घाव खोल जातो.

उपचार न मिळालेलं एखादं बाळ आठव्या महिन्यात छान बसू लागतं आणि अकराव्या महिन्यात पुन्हा कलंडू लागतं. हातातला खुळखुळा धरेनासं होतं. पाय ताठ होतात, काखेत धरून उभं केलं की पायावर पाय चढतो. घरातले म्हणतात, तापाने अशक्त झालंय, येईल पूर्वपदावर. उशिरा बसणं आणि बसता येत असलेलं विसरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एचआयव्ही असो वा नसो, कोणत्याही बाळाची मिळवलेली कला हरवली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

पूर्वी डॉक्टरही थांबत. औषधं जन्मभराची, कडू, तान्ह्या जिवाला कशाला लवकर सुरू करायची, असा विचार असे. प्रतिकारशक्ती घसरली किंवा लक्षणं दिसली की मग औषध. दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊन आणि सोवेटोमध्ये झालेल्या ‘चेर’ चाचणीने हा विचार मोडीत काढला. ६ ते १२ आठवड्यांची, वरवर ठणठणीत दिसणारी एचआयव्हीबाधित बाळं दोन प्रकारच्या गटांत विभागली गेली : काहींना लगेच औषध, काहींना जुन्या नियमाने वाट पाहून. थांबलेल्या गटात १०० पैकी १६ बाळं दगावली, लगेच औषध मिळालेल्यांत ४. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालच्या प्रत्येक बाधित बाळाला तात्काळ औषध सुरू करण्याची शिफारस केली.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो याच चाचणीतला, केपटाऊनच्या बार्बरा लॉटन यांनी केलेला उपअभ्यास. साधारण अकराव्या महिन्यात मुलांचा विकास तपासला, तेव्हा थांबलेल्या गटातली मुलं हालचालींत आणि एकूण विकासातही मागे होती. ही काही वाऱ्यावर सोडलेली मुलं नव्हती. त्यांच्यावर डॉक्टरांची बारीक नजर होती, गरज पडताच औषध हाताशी होतं. तरीही मेंदूने किंमत मोजली. लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा कुठला हवा?

मग लक्षणांआधी कळायचं कसं? साधी अँटिबॉडी चाचणी इथे कामाची नाही. बाधित आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे निरोगी बाळही पॉझिटिव्ह दिसतं. म्हणून विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर चाचणी करतात. आपल्याकडे ती सहाव्या आठवड्यात, सरकारी केंद्रात मोफत होते. बाळाची टाच कोमट करून एक टोचणी मारतात आणि जाड कागदाच्या कार्डावरची छापील वर्तुळं एकेका थेंबाने भरतात. कार्ड काही तास हवेवर वाळवून पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत जातं. हाच लसीकरणाच्या दीड महिन्याच्या डोसाचा दिवस, त्यामुळे वेगळी खेप पडत नाही.

पण आपल्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. नाव नोंदलेलं सासरच्या तालुक्यात, औषधं तिथली, आणि माहेरी कुणाला काही ठाऊक नाही. दीड महिन्याचा डोस होतो, टाचेची चाचणी राहून जाते. हा तुटलेला धागा केंद्रातल्या समुपदेशकानेच जोडायला हवा : जाण्याआधी माहेरजवळच्या केंद्राचा पत्ता आणि चिठ्ठी तिच्या हाती द्यायला हवी.

गरोदरपणापासून आईचे उपचार नीट चालले, तर बहुतेक बाळं निगेटिव्हच निघतात. काहीच न केल्यास मात्र १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. निगेटिव्ह बाळाकडेही लक्ष हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या पार्लजवळच्या ड्रॅकेन्स्टाइन अभ्यासात अशा मुलांमध्ये दुसऱ्या वर्षी बोलण्यात मागे पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. याचं खापर औषधांवर फोडून आईने ती सोडावीत, असा अर्थ कुणी काढू नये. तिच्या औषधांमुळेच तर ते बाळ निगेटिव्ह आहे.

आणि औषध म्हणजे सगळं नव्हे. युगांडात मायकेल बॉयव्हिन यांच्या गटाने एचआयव्हीबाधित मुलांच्या आया-आज्यांना वर्षभर एवढंच शिकवलं : मूल कशाकडे बघतंय ते ओळखा, त्याला नाव द्या, त्याच्याशी बोला, जमलं की शाबासकी द्या. वर्षाअखेर त्या मुलांची स्मरणशक्ती आणि पाहून ओळखण्याची क्षमता इतरांपेक्षा अधिक सुधारली होती. आपल्या आज्या न्हाऊ घालताना बाळाशी जे अखंड बोलत असतात, त्याचं मोल इथे कळतं.

घरात एचआयव्हीबाधित सून किंवा लेक असेल तर एवढं करा : दीड महिन्याच्या डोसाला तिच्यासोबत जा, टाचेची चाचणी झाली का ते विचारा आणि अहवाल आल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका. पुढच्या चाचण्याही अठराव्या महिन्यापर्यंत चुकवू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार केंद्राला तुमची माहिती गुप्त ठेवावीच लागते. जवळचं केंद्र माहीत नसेल, तर १०९७ हा फोन मोफत आहे.