कोळसा काळाच दिसावा म्हणून

कवेलूच्या घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. कवेलूंमधली फट वेडीवाकडी असते, तरी कवडसा गोल किंवा लंबगोलच पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. सूर्याचा व्यास आपल्यापासूनच्या त्याच्या अंतराच्या सुमारे १०८वा भाग आहे. त्यामुळे तीन मीटर उंचीच्या बारीक फटीतून सरळ खाली आलेल्या उन्हाचा कवडसा पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. छायाचित्रणाचे सगळे शास्त्र इथूनच सुरू होते.

प्रकाश सरळ रेषेत जातो. छिद्र बारीक असेल तर समोरच्या प्रत्येक बिंदूचा किरण पलीकडे आपापल्या जागी पडतो आणि उलटे चित्र उमटते. पण बारीक छिद्रातून उजेड थोडा येतो. छिद्र मोठे केले की उजेड वाढतो, मात्र चित्र फिसकटते. ही अडचण भिंगाने सोडवली. भिंग मोठ्या छिद्रातून भरपूर प्रकाश आत घेते आणि एका बिंदूपासून निघालेले किरण वळवून पुन्हा एकाच बिंदूत आणते. फोकस करणे म्हणजे तो बिंदू नेमका कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आणणे.

तीन किल्ल्या

सेन्सरवर किती उजेड जमा होतो, हे दोन गोष्टी ठरवतात: छिद्र केवढे आणि शटर किती वेळ उघडे. जमलेला उजेड किती उजळ दाखवायचा, हे आयएसओ ठरवतो.

छिद्राचे माप एफ-आकड्यात सांगतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. २०० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र ५० मिलिमीटर उघडले, तर तो एफ/४. म्हणून आकडा वाढला की छिद्र लहान होते. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या मालिकेत प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. छिद्र लहान असेल तर जवळचे आणि लांबचे दोन्ही ठसठशीत येते; मोठे असेल तर मागचे धूसर होते. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्राचे माप कायम असते, त्यामुळे तिथे शटर आणि आयएसओ या दोनच किल्ल्या उरतात.

आता हिशेब मांडू. आयएसओ १०० असताना लख्ख उन्हात एफ/१६ आणि सेकंदाचा १००वा भाग, हा जुना भरवशाचा ठोकताळा आहे. वर्धा नदीवर उडणारा बगळा टिपायला एवढा वेळ फार झाला. पंख पुसट येतील. छिद्र तीन पायऱ्या उघडून एफ/५.६ करा, म्हणजे प्रकाश आठपट होईल आणि शटर ८००व्या भागावर नेता येईल. चित्राचा उजळपणा तोच राहील, पण बगळा स्थिर दिसेल.

ताडोब्यात सकाळी सावलीतून वाघ चालला आहे आणि उजेड समजा सोळापट कमी आहे. लेन्स एफ/५.६च्या पुढे उघडत नसेल, तर आयएसओ १६०० करावा लागेल. त्याची किंमत म्हणून चित्रात रवाळपणा येईल. तरीही पट्टे हलून पुसट होण्यापेक्षा तो परवडतो, कारण वाघाची ओळख पट्ट्यांवरून पटते. २०१८च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी आपोआप फोटो घेणारे कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यांत वाघांचे ७६,६५१ फोटो मिळाले आणि पट्टे जुळवून बछडे वगळता २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे समोरासमोर लावतात.

मीटरचा अंदाज

कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे मीटर, समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे गृहीत धरते. चौकटीत आपल्या घुग्घुसच्या रेल्वे सायडिंगवरचा कोळशाचा ढीगच भरला असेल, तर मीटरला वाटते उजेड कमी पडला. ते उजेड वाढवते आणि कोळसा राखेच्या रंगाचा दिसतो. वर्धा नदीपलीकडे वणीच्या जिनिंगमध्ये कापसाची गंजी टिपली, तर उलट होते. मीटर उजेड कमी करते आणि पांढराशुभ्र कापूस मळकट दिसतो.

म्हणून कोळशासाठी एक्सपोजर उणे एक ते दीड पायरी करा, कापसासाठी अधिक एक ते दीड. मोबाइलवर त्या जागी बोट टेकवले की बहुधा सूर्याचे चिन्ह येते; ते खाली किंवा वर सरकवा. समोर कोळसा आहे की कापूस, हे आपल्याला माहीत असते. मीटरला ते सांगावे लागते.

लेन्सच्या आधीची हवा

प्रकाश लेन्सपर्यंत हवेतून येतो, आणि घुग्घुसमध्ये या हवेचा विचार टाळता येत नाही. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळे. धुळीचे कण त्या मानाने फार मोठे. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि दूरच्या दृश्यावर पांढुरका पडदा येतो. कितीही महाग लेन्स तो काढू शकत नाही. विषयाच्या जवळ जा किंवा चांगल्या पावसानंतरची सकाळ गाठा.

मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले की दुसरी अडचण येते. तापलेल्या जमिनीवरची विरळ हवा आणि वरची दाट हवा प्रकाशाला कमीजास्त वळवतात आणि दृश्य थरथरते. लांब पल्ल्याची लेन्स ही थरथरही मोठी करून दाखवते. अशा वेळी सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठावा. धुळीत काम केल्यावर काच लगेच पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, नाहीतर तिच्यातले कठीण कण काचेवर ओरखडे पाडतात.

खरी नोंद

हे शास्त्र आपल्या गावाच्या फार उपयोगाचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूर परिसराला अतिप्रदूषित क्षेत्रांत धरले, त्यात घुग्घुसही होते. इथल्या हवेची नोंद इथल्याच माणसांनी ठेवली पाहिजे. पण ऑटोवरचा मोबाइल प्रत्येक चित्र आपल्या मताने उजळ आणि ठळक करतो, आणि धुळीचा पडदा त्यात निम्मा पुसला जातो. म्हणून प्रो मोड वापरा. जागा, वेळ, शटर, आयएसओ आणि रंगसंतुलन तेच ठेवा. चौकटीत जवळचे एखादे गडद झाड आणि दूरची कारखान्याची चिमणी दोन्ही घ्या. ऋतूप्रमाणे ऊन बदलले तरी झाड तुलनेला राहते. चिमणी त्या झाडापेक्षा किती फिकट दिसते, यावरून हवेत धूळ किती आहे याचा अंदाज येतो. असे फोटो तारखेसह वर्षभर जपले, तर गावाला धुळीबद्दल बोलताना दाखवायला पुरावा असेल.