तंबोऱ्याचा स्वर यंत्रात

साथीला तंबोरा धरणारे कोणी नसेल, तर एकट्याचा रियाज अडतो. ही अडचण ओळखून बंगळूरुचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला. पुढे खऱ्या वाद्याचा ध्वनीच यंत्रात साठवता येऊ लागला.

त्यासाठी तो ध्वनी प्रथम संगणकावर मुद्रित करतात. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते. या अंकरूप तुकड्यास ‘ध्वनिनमुना’ म्हणतात. तो साठवून हवा तेव्हा वाजवणारे यंत्र म्हणजे सॅम्पलर होय. जुन्या मिडी जोडणीतून एका सेकंदाचा नमुना सॅम्पलरमध्ये पोहोचण्यास सुमारे पाऊण मिनिट लागे; यूएसबी जोडणीने ते क्षणात होते.

मात्र मूळ मुद्रणच बेसूर असेल, तर यंत्र तोच दोष पुन्हापुन्हा ऐकवते. म्हणून नमुना पाठवण्यापूर्वी तो कानांनी पारखणे आवश्यक ठरते.