टर्बाइनमधली फट आणि आपलं चिपाड



हंगाम आटोपला की चांगलं चालतं टर्बाइन उघडायचा खर्च कशाला, असं आपल्यापैकी बरेचजण विचारतात. रास्त प्रश्न आहे.

टर्बाइनमध्ये पात्यांच्या रांगा असतात. एक स्थिर, पुढची फिरती. स्थिर पाती वाफेला वेग नि दिशा देतात, फिरती पाती त्या जोरावर शाफ्ट फिरवतात. १८८४ साली इंग्लंडात चार्ल्स पार्सन्स यांनी बनवलेल्या टर्बाइनमध्येही अशाच रांगा होत्या.

पाटात दगड असला की त्यामागं पाणी मंदावतं ना? तसा प्रत्येक पात्यामागं वाफेचा मंद पट्टा पडतो. रांगा फार जवळ आल्या, तर फिरती पाती त्या पट्ट्यांतून जाताना हादरे खातात. शाफ्ट तापून लांबला तर घासतातसुद्धा. फार लांब गेल्या, तर वाफेचा वेग वाटेतच जिरतो.

थ्रस्ट बेअरिंग झिजलं की शाफ्ट सरकतो आणि हे अंतर बिघडतं. म्हणूनच आम्ही फीलर गेजने ते मोजून, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहतो.

तेवढ्याच कामाला वाफ जास्त लागली, की बॉयलरमध्ये चिपाड जास्त जळतं. ते चिपाड आपल्याच उसाचं आहे, मंडळी!