न्यायाधीशाचं वेड

सूडनाट्य म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हॅम्लेट उभा राहतो. आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे त्याचं मराठी रूप १८८३ साली आलं, गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली आणि डेन्मार्कच्या त्या राजपुत्राचं वेड आपल्या रंगभूमीवर कायमचं मुक्कामाला आलं. पण लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअरच्या हॅम्लेटआधी दुसराच एक वेडा धुमाकूळ घालून गेला होता. त्याचं नाव हिएरोनिमो. वयानं उतरलेला, पेशानं न्यायाधीश. त्याचं नाटक थॉमस किडचं ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’. रोझ नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या रोजकीर्दीत १५९२ ते १५९७ या काळातल्या त्याच्या २९ प्रयोगांची नोंद आहे. त्या काळात हा आकडा डोळ्यांत भरणारा होता.

नाटकाची सुरुवात एका भुताच्या गाऱ्हाण्यानं होते. स्पेन आणि पोर्तुगालच्या लढाईत डॉन आंद्रेआ हा स्पॅनिश सरदार पोर्तुगालचा राजपुत्र बाल्थझार याच्या हातून मारला गेलाय. त्याचं भूत, शेजारी साक्षात ‘सूड’ नावाचं पात्र, दोघं रंगमंचावरच बसून सगळं पाहतात. मधेच सूडाला डुलकी लागते आणि भुताला त्याला हलवून जागं करावं लागतं. इतक्या काळ्याकुट्ट नाटकात किडला ही मिस्कील कल्पना सुचली, याचं मला अजून नवल वाटतं.

आंद्रेआची प्रेयसी बेल-इम्पेरिया ही स्पेनच्या राजाची पुतणी. हिएरोनिमोचा मुलगा होरेशिओ हा आंद्रेआचा जिवलग मित्र, त्यानंच बाल्थझारला कैद करून आणलेलं. बेल-इम्पेरिया त्याच्यावर प्रेम करू लागते, पण ते प्रेम साधंसरळ नाही. पहिल्या प्रियकराचा सूड घेतल्याशिवाय दुसऱ्याला मनात जागा द्यायची कशी, असा प्रश्न ती स्वतःलाच विचारते आणि हे दुसरं प्रेमच सुडाच्या कामी येईल, असं उत्तरही स्वतःच देते. होरेशिओ तिला खरोखर आवडतो, आणि बाल्थझारला डिवचायला तो उपयोगीही आहे. ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया सोसते, बेल-इम्पेरिया डाव टाकते. हिएरोनिमो चालढकल करतो तेव्हा त्याला बापपणाची लाज काढून सुनावते तीही हीच.

त्या डावाची किंमत मोजतो होरेशिओ. हिएरोनिमोच्या बागेतल्या लतामंडपात दोघं रात्री भेटतात. बेल-इम्पेरियाचा भाऊ लोरेन्झो आणि बाल्थझार तिथंच होरेशिओला फासावर लटकवतात, वर सुऱ्यांनी भोसकतात. तिची किंकाळी ऐकून हिएरोनिमो रात्रीच्या सदऱ्यातच धावत येतो. समोर लटकलेला देह दिसल्यावर त्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की आळ माझ्यावर यावा म्हणून कुणीतरी माझ्या बागेत हा खून केलाय. न्यायाधीशाचं डोकं आपल्या सवयीनं चालतं. मग तो दोर कापून प्रेत खाली घेतो, आणि कपडे ओळखीचे वाटतात.

रक्तानं माखलेला होरेशिओचा रुमाल तो जपून ठेवतो आणि सूड घेतल्याशिवाय मुलाला मूठमाती द्यायची नाही, असं ठरवतो. आई इझाबेला मात्र त्या धक्क्यातून सावरतच नाही. औषधी मुळ्या शोधत फिरते, पुढं तो लतामंडप तोडून टाकते आणि स्वतःच्या छातीत सुरी खुपसते. तिचं वेड दुःखाचं आहे, त्यात गुंतागुंत नाही. हिएरोनिमोचं वेगळं आहे, आणि माझ्या मते नाटकाचा जीव तिथंच आहे.

त्याचा हुद्दा ‘नाइट मार्शल’चा. हा हुद्दा इंग्लंडात खरोखर होता. राणीचा मुक्काम जिथं असेल तिथून १२ मैलांच्या आतले गुन्हे त्याच्या अखत्यारीत येत. किडनं स्पेनच्या दरबारात लंडनचा अधिकारी नेऊन बसवला, तो उगाच नव्हे. बेल-इम्पेरियानं स्वतःच्या रक्तानं लिहिलेली चिठ्ठी हिएरोनिमोच्या हाती येते, खुन्यांची नावं तीत आहेत. तरी तो विश्वास ठेवत नाही, दुसरा पुरावा हवा म्हणतो. तो मिळतो तो फार विचित्र वाटेनं. खुनातला साथीदार पेद्रिंगानो दुसऱ्याच एका हत्येसाठी त्याच्यासमोर उभा राहतो. लोरेन्झोनं एका पोराबरोबर पेटी पाठवलीय, तीत माफीनामा असल्याचं पेद्रिंगानोला सांगितलंय. पोरानं झाकण उघडून पाहिलंय, पेटी रिकामी आहे. पेद्रिंगानो मात्र त्या भरवशावर फाशी देणाऱ्याशी थट्टामस्करी करत राहतो, आणि लटकतो. त्याच्या खिशातलं, खुन्यांची नावं सांगणारं पत्र हिएरोनिमोपर्यंत पोचतं.

म्हणजे दुसऱ्याच्या खुनाचा निकाल त्यानं दिला, आणि स्वतःच्या मुलाची फिर्याद राजाच्या कानी घालायला गेला तर लोरेन्झो वाटेत आडवा. खंजिरानं हिएरोनिमो जमीन उकरू लागतो, मुलाला परत मागतो. होरेशिओ मेलाय हेच राजाला ठाऊक नाही, त्याला हा सगळा प्रकार चक्रमपणाचा वाटतो.

मग अर्जदार येतात. मुलाच्या खुनाची दाद मागणारा बाझुल्तो हा म्हातारा त्यांत आहे. त्याचे डोळे पुसायला हिएरोनिमो खिशातून रुमाल काढतो, आणि हातात येतो तो होरेशिओचा रक्ताळलेला रुमाल. इथं त्याचा तोल सुटतो. बाकीच्यांचे अर्ज तो दातांनी फाडतो, म्हाताऱ्याला क्षणभर होरेशिओ समजतो आणि शेवटी त्याला हाताला धरून घरात घेऊन जातो. कचेरीत खेटे घालून चपला झिजवलेल्या कुणालाही त्या फाटक्या कागदांचा आवाज ऐकू येईल. प्रेक्षकांना हे वेड इतकं भावलं, की १६०२ च्या आवृत्तीत त्याचे आणखी प्रसंग घातले गेले. त्यातल्या एकात तो चित्रकाराला विचारतो, तुला आक्रोश रंगवता येईल का? हेन्स्लोनं अशा भरतीसाठी बेन जॉन्सनला पैसे दिल्याची नोंद आहे. पण छापलेले प्रसंग जॉन्सनच्या शैलीचे वाटत नाहीत, अलीकडचे काही अभ्यासक ते शेक्सपिअरचे मानतात. जॉन्सननं पुढं १६१४ च्या नाटकात या जुन्या नाटकाच्या चाहत्यांची टर उडवली. फिरत्या मंडळीत त्यानं स्वतः हिएरोनिमो केला होता, असा टोमणा त्याच्या विरोधकांनी आधीच मारून ठेवला होता.

कागदांनी किडचाही घात केला. त्याचा बाप फ्रान्सिस किड लंडनमध्ये दस्तऐवज लिहिणारा लेखनिक. मे १५९३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांविरुद्ध भिंतींवर धमक्या चिकटवल्या गेल्या, संशयावरून किडच्या खोलीची झडती झाली. सापडले ते ख्रिस्ताचं देवत्व नाकारणारे कागद. ते नाटककार ख्रिस्टोफर मार्लोचे, एका खोलीत लिहीत असताना माझ्या कागदांत मिसळले, असं त्याचं म्हणणं. अटकेत किडचा छळ झाला. ३० मे रोजी मार्लो डेप्टफर्डला भोसकला गेला. सुटून आल्यावर किडनं अधिकाऱ्यांना पत्रं लिहून आपलं निरपराधित्व मांडलं, पण पूर्वी ज्याच्या पदरी होता त्या धन्यानं परत आसरा दिला नाही. ऑगस्ट १५९४ मध्ये, ३५ वर्षांचा असताना, तो गेला. आईवडिलांनी त्याच्या मालमत्तेची जबाबदारी नाकारली. नाटकाच्या छापील प्रतींवर त्याचं नावही नव्हतं. १६१२ साली थॉमस हेवूडनं जाता जाता उल्लेख केला, म्हणून कर्ता कळला.

हिएरोनिमोचा सूडही नाटकातूनच येतो. बाल्थझार आणि बेल-इम्पेरियाच्या लग्नाच्या समारंभात तो दरबारी मंडळींनाच पात्रं करून एक खेळ बसवतो. प्रत्येकानं वेगळी भाषा बोलायची: लॅटिन, ग्रीक, इटालियन, फ्रेंच. दरबार कौतुकानं बघत राहतो, आणि खंजीर खरे निघतात. लोरेन्झो, बाल्थझार, बेल-इम्पेरिया सगळे मरतात. मग पडदा सरकवून तो मुलाचं प्रेत दाखवतो आणि सगळी हकीकत सांगतो. राजा तरीही विचारतच राहतो. तेव्हा तो स्वतःची जीभ चावून तोडतो. लिहून तरी दे, म्हणून लेखणी दिली जाते. ती तासायला सुरी मागतो, आणि त्याच सुरीनं बेल-इम्पेरियाचा बाप, कॅस्टिलचा ड्यूक याला मारून स्वतः मरतो. सगळं सांगून झाल्यावर लपवायचं काय उरलं होतं, यावर टीकाकार अजून भांडतात. मला वाटतं, त्याच्याकडे गुपित काहीच नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या घेतलेल्या माणसानं स्वतःची द्यायला नकार दिला, इतकंच.

शेवटी आंद्रेआचं भूत खुशीत निवाडे देतं. हिएरोनिमोला ग्रीक पुराणांतल्या ऑर्फिअसच्या संगीताजवळ जागा, लोरेन्झोला इक्सियनचं चाक. आत्महत्या ख्रिस्ती धर्मात महापाप असताना हे बक्षीस! आणि कॅस्टिलच्या ड्यूकला मात्र गिधाडांची शिक्षा. खुनात त्याचा हात नव्हता, त्याला होरेशिओच्या मरणाचा पत्ताही नव्हता. मुलीचं आंद्रेआवरचं प्रेम त्याला खपलं नव्हतं, एवढाच त्याचा अपराध, आणि निवाडा करणारा तोच आंद्रेआ.