क्रोमखालचं काळं

1958 सालच्या ब्यूक गाड्यांच्या पुढच्या जाळीत क्रोमचे 160 चौकोनी तुकडे बसवलेले होते. प्रत्येकाला पैलू पाडलेले, त्यामुळे गाडीकडे कुठूनही बघा, काही तुकडे डोळ्यांवर चमकणारच. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल तेव्हा निवृत्तीला आले होते आणि अमेरिकी गाड्यांचा क्रोमचा सोस शिगेला पोचला होता. पुढच्याच वर्षी मागे उंच पंख काढलेली 1959 ची कॅडिलॅक आली, तिच्या बंपरांवर तर चकाकीची नुसती उधळण होती.

या काळातल्या गाडीचं मॉडेल 1:24 किंवा 1:25 मापात बनवायला घेतलं की हौशी माणसाचं घोडं बहुधा एकाच जागी अडतं. बॉडीचा रंग जमतो, आतल्या सीटा जमतात, टायरवरची पांढरी पट्टीसुद्धा जमते. बंपर मात्र बंपर वाटत नाही. एक तर तो राखाडी दिसतो, नाहीतर स्वस्त खेळण्यासारखा भगभगीत. दुकानात ‘क्रोम सिल्व्हर’ लिहिलेल्या बाटल्या मिळतात, तामियाच्या एक्स-11 वर अगदी हेच नाव आहे. ती लावली की छान चंदेरी रंग येतो, पण क्रोम काही येत नाही.

येणार कसं? क्रोमच्या बंपरला स्वतःचा रंग जवळपास नसतोच. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात आकाश असतं, खालच्या अर्ध्यात रस्ता आणि मधोमध क्षितिजाची गडद, जवळजवळ काळी रेघ. जुन्या मोटारींच्या जाहिराती हाताने रंगवणाऱ्या चित्रकारांना हे पक्कं ठाऊक होतं. निळा, तपकिरी, पांढरा आणि काळा एवढ्यावर ते लखलखीत बंपर उभा करत. मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनीचा क्रोमचा बंपर ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांनी आठवून बघावं. त्यात आपलं तोंड पसरट दिसायचं, पण दिसायचं.

म्हणजे हवा आहे तो आरसा, आणि आरशाच्या अटी कडक असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर. पृष्ठभागावरचे चढउतार याच्या कितीतरी पट लहान, म्हणजे काही डझन नॅनोमीटरच्या आत असतील, तरच प्रकाशकिरण शिस्तीत परत फिरतात आणि प्रतिमा दिसते. साध्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे जाडेभरडे कण कसेही तिरपे पडलेले असतात. प्रत्येक कण आपापल्या दिशेला प्रकाश फेकतो. सगळं मिळून लकाकी येते, पण समोरच्याचा चेहरा उमटत नाही.

क्रोमसाठी बनवलेल्या चांगल्या रंगांत कण वेगळ्या रीतीने तयार केलेले असतात. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती एका फिल्मवर बसवतात, तो थर सोडवून घेतात आणि त्याचे बारीक तुकडे करतात. या तुकड्यांची जाडी जेमतेम 20 ते 50 नॅनोमीटर असते, पण लांबीरुंदी त्याच्या शेकडो पट. रंगातला द्राव उडून गेला की हे पापुद्रे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर आडवे बसतात. ते सपाट बसले की आरसा होतो, उभे-तिरपे बसले की राखाडी धूळ. एअरब्रशमधून घाईने, ओलाचिंब थर मारणाऱ्याचा क्रोम फसतो तो याच कारणाने, कारण साचलेल्या द्रावात पापुद्रे फिरत राहतात आणि वाटेल तसे वाळतात. म्हणून जाणकार हवेचा दाब कमी ठेवतात, साधारण 12 ते 15 पीएसआय, आणि धुक्यासारखे विरळ हात फिरवतात.

आता काळ्या रंगाची गोष्ट. अल्क्लाड कंपनीचा क्रोम असो की स्पॅझ स्टिक्सचा, त्याआधी चकचकीत काळा रंग मारावाच लागतो. नवशिक्याला हे उलटं वाटतं. चंदेरी दिसायला हवं तर खाली पांढरा द्यावा, असं त्याचं मन सांगतं. पण हा धातूचा थर इतका पातळ असतो की थोडा प्रकाश त्यातून आणि पापुद्र्यांच्या फटींतून खाली उतरतो. खाली पांढरं असेल तर तो विखरून वर येतो आणि आरशावर दुधाळ पडदा धरतो. खाली काळं असेल तर तो तिथेच गिळला जातो.

यात आणखी एक गंमत आहे. या बाटल्यांत नाव क्रोमियमचं असलं तरी काम ॲल्युमिनियम करतं, आणि हे दोन धातू एकसारखे चमकत नाहीत. ॲल्युमिनियमचा स्वच्छ पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ 90 टक्के परत पाठवतो. क्रोमियम परत पाठवतो साधारण 60 टक्क्यांच्या आसपास, तोही किंचित निळसर छटेने. खरा क्रोम हा मुळात जरा गडद आरसा आहे. त्यामुळे खालचा काळा रंग केवळ दुधाळपणा घालवत नाही, तर ॲल्युमिनियमचा अतिउत्साह कमी करून त्याला क्रोमच्या जवळ आणतो. बाजारातला सगळ्यात झगझगीत क्रोम निवडला की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. निवड करताना किती चमकतो यापेक्षा काळं किती काळं दाखवतो, हे बघितलेलं बरं.

खऱ्या गाडीवरचा क्रोमसुद्धा काही जाड नसतो. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांच्या कामातून क्रोम चढवण्याची कारखान्यात वापरता येईल अशी पद्धत पुढे आली. ही पद्धत मग मोटार उद्योगाने उचलली. पोलादावर निकेलचा आणि अनेकदा त्याखाली तांब्याचा मुलामा असतो, तो काही डझन मायक्रॉन. सगळ्यात वर क्रोमियम, बहुतेकदा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. गुळगुळीतपणा आणि गंजापासून संरक्षण हे मुख्यतः निकेलचं काम. क्रोम त्याला निळसर झाक आणि कडक साल देतो. नुसतं निकेल किंचित पिवळट दिसतं, म्हणूनच 1920 च्या आधीच्या गाड्यांच्या मॉडेलवर निळसर क्रोम चढवला की जाणकाराच्या कपाळाला आठी पडते.

जाडीचा हिशेब मॉडेलवाल्याने एकदा तरी करावा. एअरब्रशने मारलेला प्रायमर, काळा आणि क्रोम मिळून थर 25 मायक्रॉनचा झाला असं धरू. 1:24 मापात त्याची खरी जाडी होते 600 मायक्रॉन, म्हणजे 0.6 मिलिमीटर. एवढा मुलामा खऱ्या गाडीवर चढवला तर तिची नावाची अक्षरं बुजून जातील. मॉडेलवर तेच होतं. जाळीच्या बारीक पट्ट्यांमधल्या फटी भरतात आणि बंपरवरचे बोल्ट गुळगुळीत टेंगळं होऊन बसतात.

किटमध्ये आधीच क्रोम चढवलेले भाग येतात त्यांचं काय? ते फेकून द्यावेत असं मुळीच नाही. एएमटी, रेव्हेल, मोनोग्राम या कंपन्यांच्या किटांत बंपर, जाळी आणि चाकांच्या टोप्या एका झगझगीत फ्रेमला लटकून येतात, त्यामागची युक्ती भारी आहे. प्लॅस्टिकच्या भागांवर आधी लॅकर मारून ते गुळगुळीत करतात आणि निर्वात पेटीत टांगतात. आत टंगस्टनच्या तारांवर ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ केली जाते. हवा नसल्याने वाफ सरळ रेषेत जाऊन भागांवर गोठते, म्हणून सगळ्या बाजूंनी थर बसावा यासाठी भाग फिरवत ठेवावे लागतात. किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं, तरी ते वितळत नाही, कारण धातू अगदी थोडा असतो आणि काम सेकंदांत आटपतं. शेवटी वर पारदर्शक लॅकर. त्यात पिवळी छटा मिसळली की तोच ॲल्युमिनियम सोन्याचा होतो. कॅल्टेकच्या जॉन स्ट्राँग यांनी 1930 च्या दशकात ॲल्युमिनियमची वाफ बसवण्याची हीच रीत दुर्बिणींच्या आरशांसाठी घडवली होती, आणि माउंट विल्सनच्या 100 इंची हूकर दुर्बिणीच्या आरशाला 1935 साली अशीच ॲल्युमिनियमची साल मिळाली. विश्व प्रसरण पावतं हे ज्या दुर्बिणीने दाखवलं, तिच्या आरशाचा आणि टेबलावरच्या ब्यूकच्या बंपरचा धातू एकच.

किटच्या क्रोमची अडचण वेगळीच. भाग फ्रेमपासून कापला की कापल्या जागी पांढऱ्या प्लॅस्टिकचा व्रण दिसतो. शिवाय साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण क्रोमखाली तशीच राहिलेली असते, आणि ती घासायची तर क्रोम जाणार. व्रण कोपऱ्यात लपत असेल तर त्यावर क्रोमच्या पेनाचा एक ठिपका देऊन पुढे जावं. समोरच्या बंपरच्या मधोमध शिवण असेल तर मात्र क्रोम उतरवण्याला पर्याय नाही. घरातलं साधं ब्लीच त्याला पुरतं. ते अल्कधर्मी असतं आणि अल्कलीत ॲल्युमिनियम टिकत नाही, त्यामुळे पातळसा थर बघता बघता विरून जातो. खालचं लॅकर बऱ्याचदा शिल्लक राहतं, ते वेगळं काढावं लागतं. हातमोजे घालावेत, आणि ब्लीच टॉयलेट क्लीनरच्या किंवा कुठल्याही ॲसिडच्या जवळपासही नेऊ नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूम लहान असतं.

उतरवलेला भाग घासून, काळा मारून पुन्हा क्रोम करायचा असेल तर काळ्यावरच जास्त वेळ घालवावा. त्यात संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या राहिल्या तर क्रोम त्या झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो. काळा पूर्ण कडक व्हायला हवा. वरवर सुकलेला काळा क्रोममधल्या थिनरने पुन्हा मऊ पडतो आणि आरसा मरतो. आपल्याकडे पावसाळा हा आणखी एक शत्रू. लॅकरमधला द्राव भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते आणि रंग पांढुरका पडतो. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात क्रोम मारायला बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

खिडक्यांच्या कडा आणि दारांवरच्या लांब पट्ट्यांसाठी रंगापेक्षा फॉइल बरी. अमेरिकेची बेअर-मेटल फॉइल नावाची गोंद लावलेली अतिपातळ फॉइल यासाठीच मिळते. पट्टीपेक्षा जरा रुंद तुकडा कापायचा, चिकटवायचा, टूथपिकने कडांवर दाबून बसवायचा आणि कोऱ्या ब्लेडने कड कापायची. ब्लेड जुनं असलं तर फॉइल कापली न जाता फाटते, आणि ब्लेड दाबलं तर रंगात चर पडतो. खरी किमया दिसते ती नावाच्या अक्षरांवर. या काळातल्या गाड्यांच्या बाजूवर अनेकदा तिरप्या वळणात नाव असतं. मॉडेलवर ही उठावाची अक्षरं केसाएवढी, त्यांवर ब्रशने चंदेरी रंग नेणं जवळजवळ अशक्य. म्हणून बॉडी रंगवण्याआधीच अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा बसवून घट्ट दाबतात. त्यावरून सगळ्या बॉडीला रंग देतात. रंग वाळला की थिनर जेमतेम लागलेल्या कापडाने, बोट सपाट ठेवून, अक्षरांच्या फक्त माथ्यावरून हलकेच घासतात. माथ्यावरचा रंग निघतो, खालची फॉइल उघडी पडते आणि लाल गाडीवर चंदेरी नाव उमटतं. हात जरा जास्त फिरला की फॉइलही जाते आणि सगळी बाजू पुन्हा रंगवावी लागते.

दाराच्या मुठी, वायपर, आरशांच्या कडा अशा किरकोळ जागांसाठी मोलोटोव या जर्मन कंपनीचं लिक्विड क्रोम पेन आता अनेकांच्या टेबलावर असतं. त्यातली शाई वाहती असल्याने स्वतःच सपाट होते, काळ्या अस्तराशिवायही चांगला आरसा देते. पण तिला खोटही आहे. ती वाळायला काही दिवस घेते, आणि तोवर बोट लागलं तर ठसा कायमचा राहतो. वरून पारदर्शक वार्निश मारलं तरी चमक उतरते. त्यातलं थिनर पापुद्रे हलवतं, राळ त्यांच्यामध्ये शिरते आणि सपाट पडलेला आरसा पुन्हा साध्या चंदेरी रंगाकडे सरकतो. बंपरला वार्निशची गरज नसते, म्हणून तिथे हे चालून जातं.

अख्खी गाडीच क्रोमची असली तर? 2006 पासून काही वर्षं मॅकलारेनच्या फॉर्म्युला वन गाड्या आरशासारख्या चंदेरी होत्या. लुईस हॅमिल्टनने 2008 चं जगज्जेतेपद मिळवलं ती एमपी4-23 अशीच चंदेरी आणि केशरी-लाल. या गाडीच्या मॉडेलवर जाहिरातींची डझनावारी डेकल, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेली चिकटवायची चित्रं, लावावी लागतात. डेकल मऊ करून बसवणारा द्राव क्रोमला बाधू शकतो, लावताना बोटं लागतात, आणि डेकलभोवतीची पारदर्शक फिल्म आरशावर दुसऱ्या कुठल्याही रंगापेक्षा जास्त उघडी पडते. सगळ्यावर वार्निश मारावं तर क्रोम जातो. काही जण थोडी चमक सोडून देतात आणि दोन भाग मिसळून कडक होणारं मोटारीचं वार्निश पातळ हाताने मारतात. चिवट असतात ते क्रोम आठवडाभर वाळू देतात, सुती हातमोजे घालतात आणि प्रत्येक डेकलची फिल्म अक्षरांच्या कडेला लागून भिंगाखाली कापून काढतात, म्हणजे वार्निशची गरजच पडत नाही.