नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.च्या चाकामागे बसलेला खाकी कपड्यांतला मनुष्य उभा राहतो. संगणकातला ड्रायव्हर हा मनुष्य नव्हे. तो एक लेख होय. संगणकाला तारेने वा बिनतारी लहरींनी बाहेरच्या जगाशी जोडणारे जे नेटवर्क कार्ड असते, त्याच्याशी ऑपरेटिंग सिस्टिमने कसे बोलावे हे त्यात लिहिलेले असते. कार्ड कितीही उत्तम असो, हा लेख नसेल तर ते मुके.

हे बोलणे चालते कसे? कार्डात रजिस्टरे असतात, म्हणजे क्रमांक दिलेले छोटे छोटे खाने. अमुक खान्यात अमुक आकडा लिहिला की कार्ड जागे होते. तमुक खाना वाचला की तार जोडलेली आहे किंवा नाही ते समजते. माहिती येते ती फ्रेमच्या गठ्ठ्यांनी. इथरनेटच्या नेहमीच्या फ्रेममध्ये १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो. ड्रायव्हर मेमरीत रिकाम्या जागांची वर्तुळाकार रांग मांडून ठेवतो, कार्ड आलेला माल परस्पर तेथे उतरविते आणि मग घंटा वाजविते. या घंटेस इंटरप्ट म्हणतात. शंभर मेगाबिटच्या तारेवरून अगदी लहान फ्रेम सलग येऊ लागल्या तर सेकंदाला सुमारे १,४८,८०० येऊ शकतात. दर फ्रेमला घंटा झाली, तर प्रोसेसरचा सारा दिवस घंटा ऐकण्यातच जावयाचा! म्हणून शहाणा ड्रायव्हर गर्दीच्या वेळी घंटा बंद करतो आणि स्वतःच फेरी मारून माल उचलतो.

आता मुख्य अडचण. खाना कोणता व आकडा कोणता, हे चिप बनविणाऱ्यालाच ठाऊक. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली आणि तिचा मूळ मजकूर सर्वांसाठी उघडा ठेवला. अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात डोनाल्ड बेकर यांनी १९९४ च्या सुमारास सोळा साधे संगणक जोडून एक मोठे गणनयंत्र उभारले, आणि लिनक्ससाठी इथरनेट कार्डांचे अनेक ड्रायव्हर लिहिले. ज्या कारखानदारांनी चिपची माहितीपुस्तिका दिली, त्यांच्या बाबतीत हे काम मेहनतीचे खरे, पण सरळ होते. ज्यांनी दिली नाही त्यांचे काय?

एनव्हिडिया कंपनीच्या एनफोर्स या मदरबोर्डांवर नेटवर्कची सोय मुळातच बसविलेली होती. लिनक्ससाठी कंपनीने ड्रायव्हर दिला, पण त्याचा गाभा यंत्रसंकेतांत बंद. असा बंद लेख दुरुस्त करता येत नाही. सिस्टिम बदलली की तो अडतो, आणि उद्या कंपनीने लक्ष काढून घेतले तर पैसे मोजून घेतलेली वस्तू मालकाच्या हाती असूनही निरुपयोगी ठरते.

२००३ साली यावर तोड निघाली. कार्ल-डॅनिएल हाइलफिंगर आणि अँड्र्यू डी क्विन्सी यांनी उलट दिशेने शोध घेऊन चिपच्या वागणुकीचे वर्णन लिहून काढले. त्या वर्णनावरून मानफ्रेड श्प्राउल यांनी नवा ड्रायव्हर लिहिला. त्याचे नाव फोर्सडेथ. ज्याने दुसऱ्याचा लेख पाहिला त्याने नवा लेख लिहावयाचा नाही, आणि जो लिहितो त्याने पाहावयाचे नाही, अशी ही पद्धत. कारण कायदा शब्दरचनेला संरक्षण देतो. ‘या खान्यात हा आकडा लिहिला की असे घडते’ ही वस्तुस्थिती कोणाच्या मालकीची होत नाही. आम्ही करारांच्या मसुद्यांवर पुष्कळ रात्री घालविल्या आहेत, तरी इतकी नेमकी शिस्त आम्हांस क्वचितच आढळली.

त्या ड्रायव्हरचा मजकूर आजही कोणालाही वाचता येतो, आणि तो वाचण्यासारखा आहे. काही रजिस्टरांना नावच ‘अज्ञात’ असे दिलेले आहे: कोणता आकडा लिहावयाचा ते कळले, का लिहावयाचा ते कळले नाही. प्रत्येक कार्डाला ४८ बिटचा पत्ता असतो. यांतील काही बोर्डांवर तो उलट्या क्रमाने साठविलेला निघाला, म्हणून ड्रायव्हर तो सुलटा करून घेतो. फ्रेम पाठवून झाल्याची घंटा काही यंत्रांवर वाजतच नसावी, असा लेखकांना संशय होता. त्यांनी तो आरंभीच्या टिपणात लिहून ठेवला, आणि यंत्रातील घड्याळाने सेकंदाला शंभरदा हाक मारावी अशी तजवीज केली. आपले अज्ञान इतक्या उघडपणे कागदावर मांडणारे कारागीर विरळाच.

आमच्या मनात मात्र एक कुसळ सलत राहते. ‘बिनमोल काम’ हे शब्द ऐकले की कामगार चळवळीत केस पांढरे झालेल्या माणसाचे कान उभे राहतात. चिप विकून नफा कंपनीला, आणि ती चालती करण्याची मेहनत परक्यांची! पुन्हा आमचेच जुने कसबी कामगार आपल्या हातची खुबी झाकून ठेवीत, कारण तीच त्यांची शिदोरी असे. येथे तर खुबी चव्हाट्यावर मांडलेली. पण २००४ पासून त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी या ड्रायव्हरमध्ये भर घातली, गिगाबिट वेगाच्या चिपांसाठीही, आणि लेखकांच्या यादीत कंपनीचे नाव आले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, मजकूर बदलून जो पुढे वाटील त्याने आपले बदलही उघडे ठेवावेत. म्हणजे कंपनीने घातलेली भरही सर्वांचीच झाली. पहिल्या तिघांच्या श्रमाचा हिशेब मात्र एवढ्याने पुरा होतो, असे आम्हांस वाटत नाही.

बिनतारी कार्डांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठीही याच रीतीने, वर्णन करणारे वेगळे व लिहिणारे वेगळे, असा ड्रायव्हर तयार होऊन २००६ साली लिनक्समध्ये आला. पुढे २०१० साली कंपनीने स्वतःच काही नव्या चिपांचा ड्रायव्हर उघडा केला. पण अशा बहुतेक कार्डांच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, आणि त्याला चालविणारा फर्मवेअर नावाचा लेख बंदच येतो. ड्रायव्हर तो उचलून कार्डाच्या स्वाधीन करतो. आत काय लिहिले आहे ते त्यालाही वाचता येत नाही.